खाऱ्या पाण्याच्या टँकमधले मासे पहाटे मरतायत, पाण्याच्या टेस्ट मात्र सगळ्या चांगल्या. काय चुकतंय?

खारं_पाणी | १४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र असतो. आज हात टेकले म्हणून धागा काढतोय.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरी हॉलमध्ये समुद्री माशांचा टँक आहे, ४८ × १८ × १८ इंच. दगड, वाळू वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. पावणेदोन वर्षं झाली. कोरल ठेवलेले नाहीत, कडक कोरल वन्यजीव कायद्यात येतात, त्या भानगडीत पडलो नाही. सम्प (खालची फिल्टरची टाकी) नाही. मागं लटकवलेला स्किमर (हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), एक कॅनिस्टर फिल्टर आणि पाणी फिरवणारा एक वेव्हमेकर, एवढाच संसार. वर काचेचं झाकण पूर्ण बंद, कारण गेल्या वर्षी एकदा पाल पडली होती.

५ मेला सकाळी उठलो तर फॉक्सफेस तळाला आडवा. पाच इंची, टँकमधला सगळ्यात मोठा. ८ मेला कोरल ब्यूटी (नावात कोरल, पण मासाच). ११ला दोन क्रोमिस एकदम. आज सकाळी तिसरा क्रोमिस. सगळे आदल्या संध्याकाळी व्यवस्थित जेवलेले. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पर फाटलेले नाहीत, सूज नाही. तोंड तेवढं उघडं.

जिवंत: दोन क्लाउन, एक डॅम्सेल, वाळूतला एक छोटा गोबी, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), चार हर्मिट खेकडे आणि सात-आठ टर्बो गोगलगायी.

आज संध्याकाळी ७.३० ला केलेल्या टेस्ट: क्षारता १.०२५ (रिफ्रॅक्टोमीटर), तापमान २८, पीएच ८.२, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. नायट्रेट तर उलट सुधारलाय, मार्चअखेर ४० होता. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ० ते २.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. रोज सकाळी हॉलमध्ये जायची भीती वाटायला लागलीय.

---

तांबडा_पांढरा | १४ मे, रात्री १०.०२

भावा वाईट वाटलं. फॉक्सफेस उचलताना हातानं उचलला नाहीस न्हवं? मेला तरी त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात. माझ्या चुलतभावाचा हात दोन दिवस बटाट्यागत सुजला होता.

बाकी मला यातलं काय कळत न्हाई. माझ्याकडं गोड्या पाण्यातले चार गप्पी हायत, त्यांना काळम्मावाडीचं पाणी मानवलंय. वाचतोय.

---

टँकवाला_डोंबिवली | १४ मे, रात्री १०.३५

हा सरळसरळ व्हेल्व्हेट आहे. अ‍ॅमायलूडिनियम नावाचा परजीवी. बाहेर काही दिसायच्या आत कल्ल्यांत शिरतो. ठिपके दिसेपर्यंत मासा थांबतच नाही, संध्याकाळी खातो आणि सकाळी जातो. हे शंभर वेळा पाहिलंय. एका गाठीतून २५६ पर्यंत पोरं बाहेर पडतात, म्हणून एकामागून एक मासे जातात.

उद्या सकाळी कॉपर (तांब्याचं औषध) आण आणि टँकमध्ये घाल. विचार करत बसलास तर क्लाउनपण जातील.

---

भाट्ये_किनारा | १४ मे, रात्री ११.१०

मेन टँकमध्ये कॉपर घालू नका हो! दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, मग मात्रा सापडत नाही, आणि श्रिंप, हर्मिट, गोगलगायी सगळ्या जातील. कॉपर द्यायचंच तर वेगळ्या रिकाम्या टाकीत, रोज टेस्ट करून. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर मासाच जातो. मधली जागा अगदी अरुंद.

मी रत्नागिरीत समुद्राचं पाणी वापरतो. तुम्ही कधी आंबा घाट चढवून असं पाणी आणलं होतंत का? आणलं असेल तर कुठून आणि कधी, ते सांगा. बंदराजवळचं पाणी डिझेलच्या तवंगाचं असतं आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडचं पाणी निम्मं गोडं असतं.

---

मीटर_टेस्टर | १५ मे, सकाळी ७.१५

पंपातून करंट उतरत असेल. हीटरची काच तडकलीय का बघा. टेस्टर पाण्यात धरा. आणि या लायनीवर ईएलसीबी (करंट उतरला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर माशांचं राहू दे, आधी स्वतःसाठी बसवून घ्या. खारं पाणी, ओले हात आणि एक्स्टेन्शन बोर्ड हे त्रिकूट मी इचलकरंजीत चार घरांत बघितलंय.

---

सईची_आई | १५ मे, सकाळी ९.३०

शेवटचा नवा मासा कधी आणला? हा प्रश्न कुणीच विचारला नाही. व्हेल्व्हेट असेल तर तो कशाबरोबर तरी आत आला असणार. आणि मरायच्या आदल्या दिवशी मासे काय करत होते, म्हणजे अंग घासत होते, अंधारात लपत होते, वेव्हमेकरच्या तोंडाशी उभे राहत होते?

---

खारं_पाणी | १५ मे, दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार. एकेक उत्तर देतो.

फॉक्सफेस जाळीनं काढला. समुद्राचं पाणी कधीच आणलं नाही, पहिल्यापासून पाकिटातलं मीठ. टेस्टर लावून बघितला, दिवा लागला नाही. ईएलसीबी आहे.

नवा मासा जानेवारीत आणलेला गोबी, त्यानंतर एकही नाही. घासणं, लपणं, वेव्हमेकरसमोर उभं राहणं, यातलं काहीच दिसलं नाही. फॉक्सफेसच्या अंगावर एकदा रात्री तपकिरी डाग दिसले होते, पण तो झोपताना तसाच दिसायचा, पहिल्या दिवसापासून.

कॉपर अजून आणलेलं नाही. दुकानदारपण तेच म्हणाला, "घाला, काय होत नाही." तो असं म्हणाला की मला जास्त भीती वाटते.

---

टँकवाला_डोंबिवली | १५ मे, दुपारी १.४५

जानेवारीपासून नवा मासा नाही म्हणून काय झालं? गोगलगाय आणली असशील. तिच्या शंखावर गाठ चिकटून येते. घरात बसून थिअरी मांडणाऱ्यांचं ऐकून मासे मार.

---

भाट्ये_किनारा | १५ मे, दुपारी २.०५

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

निवृत्त_मास्तर | १५ मे, सायंकाळी ५.५०

नमस्कार. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरीत राहतो. मत्स्यालयाचा अनुभव नाही, पण पाण्याचा आहे. दोन गोष्टी खटकल्या.

पहिली गोष्ट. तुमचे मासे केव्हा मरतात? तुम्ही झोपता आणि उठता त्यांच्या मधे. आणि पाणी केव्हा तपासता? संध्याकाळी साडेसातला, म्हणजे दिवसभर दिवे लागून, शेवाळानं प्राणवायू सोडून झाल्यावर. पहाटे चारचं पाणी आणि संध्याकाळी साडेसातचं पाणी, टाकी एकच असली तरी ही दोन वेगळी पाणी आहेत. ज्या पाण्यात मासे मेले ते तुम्ही अजून तपासलेलंच नाही.

दुसरी गोष्ट अशी की मेलेल्यांची यादी जवळजवळ आकारमानाच्या क्रमानं आहे. सर्वांत मोठा आधी. जीवजंतूंचा आजार माप बघून येत नाही. तांबं किंवा कीटकनाशक असतं तर श्रिंप आणि गोगलगायी आधी गेल्या असत्या. त्या शाबूत आहेत. मोठ्या, जास्त पोहणाऱ्या माशाला आधी कमी पडतं ते म्हणजे प्राणवायू.

थोडे आकडे देतो. २८ अंशाला गोड्या पाण्यात हवेतून विरघळणारा प्राणवायू सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. समुद्राइतक्या खारट पाण्यात तोच ६.४. आणि हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, इथं हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणजे ६ च धरा. तुमच्या २०० लिटरमध्ये सगळा मिळून १.२ ग्रॅम प्राणवायू. एका चिमटीच्या वजनावर तुमची अख्खी वसाहत जगते आहे, आणि वर काचेचं घट्ट झाकण.

उद्या पहाटे साडेचारला उठा. दिवा लावू नका, मोबाईलचा उजेड लांबून पाडा. मासे कुठं आहेत, गोगलगायी कुठं आहेत, कल्ले किती वेगानं हलतात, एवढंच बघा. पीएच मोजा. मग एक ग्लास पाणी काढून गॅलरीत नेऊन त्यात तासभर हवेचा पंप सोडा आणि पुन्हा मोजा. पीएच वर चढला तर टाकीत कर्बवायू कोंडलाय असं समजा. जिथून कर्बवायू बाहेर जात नाही तिथून प्राणवायूही आत येत नाही.

---

तांबडा_पांढरा | १५ मे, सायंकाळी ६.१०

सर, नाद खुळा. गॅलरीत जाऊन माशाच्या पाण्याला वारा घालायचा. शेजारचे काय म्हणतील ते म्हणू देत, भावा उठ तू.

---

सईची_आई | १५ मे, सायंकाळी ६.३०

सरांशी सहमत. माझ्या झाडांच्या टाकीत सीओटू जास्त सोडला की कोळंबी आणि गोगलगायी काचेवर पाण्याच्या रेषेपर्यंत चढून बसतात. पहिला इशारा त्याच देतात.

---

निवृत्त_मास्तर | १५ मे, रात्री ८.१५

धागाकर्त्यांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. माझ्याकडे पाण्यातला प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीचं जुनं सामान आहे, दोन बुचाच्या बाटल्या आणि दोन द्रावणं देतो. बुडबुडा न शिरू देता बाटली काठोकाठ भरायची, मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड प्रत्येकी २ मिली तळाशी सोडायचं, बूच लावून उलटसुलट हलवायचं. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे. जितका गडद तितका जास्त. पांढरा बसला तर जवळपास नाहीच. पुढचं अनुमापन, म्हणजे नेमका आकडा काढणं, मी घरी करीन. हातमोजे घालून. ते द्रावण कातडी खातं. आणि सामान लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

---

खारं_पाणी | १६ मे, पहाटे ५.२५

झोप उडालीय म्हणून आत्ताच लिहितो.

४.३० चा गजर लावला होता. हॉलमध्ये ताई, तिची दोन पोरं आणि आई झोपलेली (सुट्टीला आलेत, वरच्या खोलीत उकडतं). त्यांच्या अंगावरून पाय न देता टँकपाशी पोहोचायला दोन मिनिटं लागली.

सातच्या सात गोगलगायी पाण्याच्या रेषेवर ओळीनं. श्रिंप वरच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला. दोन्ही क्लाउन पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले नुसते धडधडत. गोबी बिळाच्या बाहेर. पाणी किंचित दुधाळ, संध्याकाळी असं कधीच दिसत नाही.

पीएच ७.७. पीएच मोजायचा पेन आठवड्यापूर्वीच ७ आणि १० च्या द्रावणात लावून घेतलाय. रात्री नऊला हाच पेन ८.२ दाखवत होता.

आणि मग कानाला जाणवलं की काहीतरी ऐकू येत नाहीये. स्किमर बंद. प्लगचं बटणच बंद.

सरांची बाटली भरून घेतली. साका मळकट पांढरा, पिवळट झाक. मग स्किमर चालू केला, झाकण काढून बाजूला ठेवलं, वेव्हमेकरचं तोंड वर वळवलं. पाणी खळबळायला लागल्यावर वीस मिनिटांत क्लाउन खाली उतरले.

ग्लास गॅलरीत ठेवलाय.

---

खारं_पाणी | १६ मे, सकाळी ८.४०

ग्लासातला पीएच ८.१ झाला.

आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मीच बंद करते रोज. पोरं आल्यापासून. रात्रभर नुसतं गुडगुड गुडगुड, हुक्का ओढल्यागत. पोरांना झोप न्हाई. सकाळी देवपूजेच्या आधी चालू करते की परत!" रात्री अकरा ते सकाळी सहा. मी साडेसातला उठतो, तेव्हा सगळं सुरळीत. पोरं आली १ मेला.

---

मीटर_टेस्टर | १६ मे, सकाळी ९.०५

सापडला चोर. आईंना सांगा, पुढच्या वेळी फ्रिजपण बंद करा, तोपण घुर्रर करतो.

---

टँकवाला_डोंबिवली | १६ मे, सकाळी ९.३०

स्किमर सात तास बंद राहिल्यानं मासे मरत नाहीत. माझ्याकडे लाइट जाते तेव्हा सगळंच बंद पडतं, पाच-सहा तास, एकही मासा मेला नाही. इथं वेव्हमेकर तर चालूच होता. एवढ्यावर धागा बंद करू नका.

---

निवृत्त_मास्तर | १६ मे, सकाळी १०.२०

डोंबिवलीकरांचा हा मुद्दा बरोबर आहे, आणि मला त्यावरच यायचं होतं. स्किमर बंद म्हणजे हवा आत येण्याचं दार बंद. पण आत बसून एवढा प्राणवायू खाल्ला कोणी? चार-पाच मासे आणि थोडं शेवाळ एका रात्रीत एवढं पाणी रितं करणार नाहीत. पहाटे दुधाळ दिसणारं पाणी म्हणजे जिवाणूंची भरती आहे. त्यांना खायला कोण घालतंय?

धागाकर्त्यांनी पहिल्याच निवेदनात एक गोष्ट आनंदानं सांगितली होती: नायट्रेट मार्चअखेरच्या ४० वरून १० वर. दर वेळी पाणी किती बदलता, किती दिवसांनी?

---

खारं_पाणी | १६ मे, सकाळी ११.००

पंधरवड्याला २० लिटर.

---

निवृत्त_मास्तर | १६ मे, सकाळी ११.०८

म्हणजे दर वेळी दहा टक्के. महिना-दीड महिन्यात तीनदा बदललं तरी ४० चं २९ होईल, आणि मधल्या काळात अन्नातून नवं नायट्रेट येत राहील ते वेगळंच. १० कसं झालं?

---

तांबडा_पांढरा | १६ मे, सकाळी ११.३०

भावा, सर परीक्षा घेताहेत. खरं बोल. टाकीत काय घालतोयस?

---

खारं_पाणी | १६ मे, दुपारी १२.१५

साखर.

लिहायला लाज वाटत होती. नायट्रेट कमी करायला एका व्हिडिओत बघितलं होतं. जिवाणूंना कार्बन दिला की ते वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात आणि स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. लोक व्होडका किंवा व्हिनेगर घालतात. घरात व्होडका आणली तर आई टँकसकट मला बाहेर काढेल, म्हणून साखर. एप्रिलच्या सुरुवातीला चिमूटभरापासून सुरू केलं. नायट्रेट उतरताना दिसला म्हणून वाढवत नेलं. ३ मेपासून रोज रात्री झोपायच्या आधी अर्धा चमचा.

---

तांबडा_पांढरा | १६ मे, दुपारी १२.२०

कोल्हापूरचा माणूस आणि साखर? गूळ तरी घालायचास!

---

निवृत्त_मास्तर | १६ मे, दुपारी २.४०

आता हिशेब जुळतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो.

अर्धा चहाचा चमचा साखर म्हणजे २ ग्रॅम. साखरेचा एक रेणू पूर्ण जाळायला प्राणवायूचे बारा रेणू लागतात. वजनात बघायचं तर ३४२ ग्रॅम साखरेला ३८४ ग्रॅम प्राणवायू. म्हणजे २ ग्रॅमला सव्वादोन ग्रॅम. तुमच्या टाकीत एका वेळी आहे १.२ ग्रॅम. जिवाणू सगळी साखर जाळत नाहीत, साधारण निम्मी स्वतःचं अंग वाढवायला वापरतात. तरी उरलेल्या निम्मीसाठी सुमारे १.१ ग्रॅम लागला. वरून हवा येत राहिली तर ही तूट भरून निघते. तुमच्याकडे ऐन त्याच वेळी झाकण बंद, वेव्हमेकरचं तोंड खाली, आणि अकरा वाजता स्किमरही बंद. जेवणाचं पान वाढायचं आणि नाक दाबायचं.

शिवाय त्या पद्धतीत जिवाणूंना बाहेर काढणारा एकच जण आहे, तो स्किमर. तोच रात्री रजेवर. मग जिवाणू टाकीतच वाढणार, टाकीतच मरणार.

पंचगंगेत साखर कारखान्यांच्या मळीचं पाणी आलं की मासे वर तरंगतात, त्याच्या बातम्या आपण कित्येक वर्षं वाचतो आहोत. मळीत विष असतंच असं नाही. साखर असते. जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि माशांचा श्वास संपतो. तुम्ही हॉलमध्ये छोटी पंचगंगा केलीत.

एप्रिलभर काही झालं नाही, कारण साखर चिमूटभर होती आणि स्किमर चालू होता. १ मेला स्किमर बंद व्हायला लागला, ३ मेला साखर वाढली, ५ मेला फॉक्सफेस गेला. आईंच्या एकट्या माथी मारू नका.

पहाटेच्या बाटलीचं अनुमापन झालं. २.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. आज संध्याकाळी दुसरी बाटली भरा.

---

सईची_आई | १६ मे, दुपारी ३.१०

आईंच्या वतीनं मी बोलते. पोरांची झोप मोडू नये म्हणून बटण बंद केलं यात काही चूक नाही. त्या बटणावर "बंद करू नये" असा कागद पावणेदोन वर्षांत कुणी चिकटवला नव्हता. आणि साखरेचा डबा रोज रात्री काढतोस ते तरी त्यांना कुठं माहीत होतं?

---

खारं_पाणी | १६ मे, दुपारी ३.३०

माहीत होतं. ती समजत होती की मी रात्री उठून साखर खातो.

---

भाट्ये_किनारा | १६ मे, सायंकाळी ४.४५

😂

आता कामाचं. साखर आजपासून पूर्ण बंद. पुढचे तीन-चार दिवस पाणी दुधाळ राहील, जिवाणू मरताना अमोनियाही वर येऊ शकतो. सकाळ-संध्याकाळ टेस्ट करा, २०-२५ लिटर पाणी लगेच बदला. नवं पाणी आदल्या दिवशी मीठ घालून, पंप सोडून, तापमान जुळवून. अन्न निम्मं करा.

काचेचं झाकण काढून तिथं जाळी लावा, खिडकीची मच्छरदाणीची जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवून मिळते. पाल पडत नाही आणि हवा लागते. बाष्पीभवन वाढेल, रोज दीड-दोन लिटर साधं आरओचं पाणी भरत जा. मीठ घातलेलं नव्हे, क्षारता चढेल.

स्किमरच्या आवाजाचं मूळ बहुतेक हवेच्या नळीत असतं. नळी लांब करून खिडकीबाहेर सोडा, गुडगुड बरीच कमी होते. बाहेरची ताजी हवा ओढल्यानं पीएचही वर राहतो. चारजण झोपलेल्या बंद हॉलमधला कर्बवायू स्किमर परत पाण्यातच ढकलत असतो.

---

मीटर_टेस्टर | १६ मे, सायंकाळी ५.००

नळी खिडकीबाहेर सोडाल तर डासांच्या धुराची गाडी गल्लीत येते त्या संध्याकाळी आत ओढून घ्या. त्या धुरातलं औषध श्रिंपला लगेच लागतं.

आणि वळवाचे दिवस आहेत, लाइट जाणार. इन्व्हर्टरवर टीव्हीऐवजी वेव्हमेकर जोडा. तो फार तर १० वॅट खातो. शिवाय बॅटरीवरचा एअरपंप एक घेऊन ठेवा, स्वस्त मिळतो. लाइट गेली की आपोआप चालू होणारा घ्या. कॅनिस्टर मात्र तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर तसाच चालू करू नका. आतलं पाणी सडलेलं असतं, उघडून, धुऊन मग.

---

टँकवाला_डोंबिवली | १६ मे, रात्री ९.१५

ठीक आहे. कॉपरबाबत मी घाई केली. कमी प्राणवायूच्या पाण्यात कॉपर पडलं असतं तर कल्ल्यांवर आणखी ताण आला असता, उरलेले मासे माझ्याच सल्ल्यानं गेले असते. पण नवीन मासा आणशील तेव्हा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेव, यावर मी मागे हटणार नाही. आणि पुढे एखादा मासा गेला तर ताजा असताना कल्ल्याचा तुकडा कुठल्यातरी कॉलेजात मायक्रोस्कोपखाली बघून घे. मग माझ्यासारख्यांशी वाद घालावा लागणार नाही.

---

खारं_पाणी | १७ मे, सकाळी ७.५०

संध्याकाळची बाटली: साका गडद तपकिरी, सरांनी काढलेला आकडा ५.८. आज पहाटे पुन्हा ४.३० ला उठलो. स्किमर रात्रभर चालू होता, झाकण नव्हतं. पीएच ८.०. दोनच गोगलगायी वर. आज कोणी मेलं नाही.

पोरांना वरच्या खोलीत कूलर लावून दिलाय.

---

निवृत्त_मास्तर | १७ मे, सकाळी ८.३०

उत्तम. बाटल्या परत करायची घाई नाही. आणखी चार पहाटा बघा.

---

खारं_पाणी | ९ जून, रात्री १०.१०

उशिरा लिहितोय. १४ मेनंतर एकही मासा गेला नाही.

साखर बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी अमोनिया ०.२५ दिसला, दोनदा पाणी बदलल्यावर शून्य झाला. नायट्रेट परत २५ वर गेलाय. आता पंधरवड्याऐवजी आठवड्याला २५ लिटर बदलतो, बस्स. माशांना २५ नं काही होत नाही हे आधी कुणी कानात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आकडा सुंदर दिसावा म्हणून पाच मासे घालवले मी.

झाकणाच्या जागी जाळी. स्किमरची नळी बाहेर. पहाटेचा पीएच आता ८.०५ च्या खाली जात नाही. २७ मेला वळवानं सव्वातीन तास लाइट घालवली, बॅटरीचा पंप चालला, सगळे सुखरूप. नवीन मासे दिवाळीपर्यंत नाहीत.

सरांच्या बाटल्या परत दिल्या. त्यांनी चहा पाजला, साखर किती विचारून.

---

तांबडा_पांढरा | ९ जून, रात्री १०.२५

आई काय म्हणतात?

---

खारं_पाणी | ९ जून, रात्री १०.४०

स्किमरचं बटण आता तिच्या ताब्यात आहे. मला हात लावू देत नाही. पहाटे उठली की देवाच्या आधी टँकपाशी जाते, गोगलगायी किती वर चढल्यात ते मोजते आणि मला हाक मारून सांगते, "दोनच हायत रे, झोप तू."